तवंगाचा धनी

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. सकाळचे दहा वाजायला काही मिनिटे कमी होती. जवाहरलाल नेहरू बंदरातून मुंद्र्याकडे निघालेले 'एमएससी चित्रा' हे कंटेनरवाहू जहाज खुल्या समुद्राच्या वाटेला लागले होते. त्याच वाटेने 'खलिजिया-३' नावाचे दुसरे जहाज आत येत होते. खलिजियाचे ग्रहमान त्या पावसाळ्यात ठीक नव्हतेच. जुलैमध्ये ते एकदा रुतून बसले होते आणि आता त्याला सोडवून मुंबई बंदरात आणले जात होते. मुंबई बंदर आणि उरणकडचे नवे बंदर वेगवेगळे असले तरी दोघांची बाहेर पडायची मुख्य वाट एकच. त्या वाटेवर प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या बाजूच्या पाण्यात दोन्ही जहाजे एकमेकांवर आदळली.

खलाशी वाचले. चित्रा मात्र कलंडली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत इतकी आडवी झाली, की डेकवर रचलेले कंटेनर एकामागून एक पाण्यात कोसळू लागले. जहाजावर १,२१९ कंटेनर होते. त्यांतल्या ३१ मध्ये कीटकनाशके होती. इंधन तेल सुमारे २,६०० टन, शिवाय डिझेल आणि वंगण. गळती थांबेपर्यंत त्यातले सुमारे ८०० टन तेल मुंबईच्या पाण्यात मिसळले होते.

बातम्यांमध्ये त्या दिवसांत दोन गोष्टी गाजल्या. एक म्हणजे अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागलेली चहा-कॉफीची पाकिटे आणि बिस्किटांचे पुडे, आणि ते उचलू नका म्हणून सांगत फिरणारे पोलीस. दुसरी, कंटेनर तरंगत असल्यामुळे काही दिवस बंद पडलेली बंदराची वाहतूक. या गदारोळात तेल मात्र आपल्या वाटेने जात राहिले. नैर्ऋत्येचा वारा आणि भरती यांनी ते आत ढकलले. घारापुरी, उरण, मांडवा, वाशी, खाडीच्या दोन्ही काठांची तिवरे. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. पावसाळी मासेमारीबंदी सरत आली होती, जाळी दुरुस्त करून झाली होती, होड्यांना रंग लागला होता. अशा वेळी लोकांनी मासळीच खायची बंद केली. समुद्रात न गेलेल्या कोळणीच्या टोपलीतल्या सुक्या बोंबलाकडेही गिऱ्हाईक संशयाने पाहू लागले, यात नवल नाही.

तिवरांचे काय होते, ते थोडे जवळून पाहायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. खाडीच्या चिखलात हवा खेळत नाही, म्हणून तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढतात. ओहोटीच्या वेळी झाडाभोवती शेकडो काळपट खुंट्या उभ्या दिसतात, त्या हीच श्वासमुळे. त्यांच्या सालीवर बारीक छिद्रे असतात. भरतीबरोबर जड इंधन तेल आले, की ओहोटीला पाणी निघून जाते आणि तेल त्या खुंट्यांवर राहते. छिद्रे बुजतात. झाड लगेच मरत नाही, काही आठवड्यांनी पाने पिवळी पडून गळू लागतात. आणि साफ करायला म्हणून माणसे त्या चिखलात उतरली, तर तेल पायांनी आणखी खोल तुडवले जाते, तिथून ते वर्षानुवर्षे हलत नाही. निवट्या आणि चिंबोऱ्या त्याच चिखलात राहतात. तिवरांमध्ये तेल शिरल्यावर बहुतेक वेळा करण्यासारखे थोडेच उरते. होडीतून कमी दाबाचे पाणी सोडून जेवढे सुटेल तेवढे सोडवायचे आणि बाकी भरती-ओहोटीवर सोपवायचे. म्हणजे खरी लढाई तेल तिवरांपर्यंत पोहोचायच्या आधीची.

ती आधीची लढाई तटरक्षक दल लढले. विमाने आणि हेलिकॉप्टर वर गेली, जहाजांनी तवंगावर विखुरण रसायने फवारली, साल्व्हेज कंपनीने कलंडलेल्या जहाजाच्या टाक्यांतून उरलेले तेल काढण्याचे काम हाती घेतले. ऑगस्टच्या उधाणात यातले बरेचसे काम अर्धेमुर्धेच होऊ शकत होते. बूम नावाचा तरंगता आडबांध दोन-तीन फुटांच्या लाटेत तेल अडवू शकत नाही, लाट त्यावरून तेल घेऊन पलीकडे जाते. दिल्लीच्या 'टेरी' या संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण किनाऱ्यावरच्या तेलावर वापरले. आणि या सगळ्या धावपळीनंतर दोन महिन्यांनी, ९ ऑक्टोबर २०१० रोजी, तटरक्षक दलाचे खास तेलप्रदूषण निवारणासाठी बांधलेले देशातले पहिले जहाज 'समुद्र प्रहरी' सेवेत रुजू झाले. तेही मुंबईतच. वरातीमागून घोडे म्हणावे, तर ते थोडे अन्यायाचे होईल, कारण जहाज बांधायला वर्षे लागतात आणि त्याची मागणी चित्राच्या कितीतरी आधीची होती. पण योगायोग बोचरा आहे.

तटरक्षक दल तरी इथे आले कुठून? मुंबईच्या पाण्याला तेलाची ओळख जुनी. १९५४ आणि १९५५ मध्ये तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेलच्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, पुढे त्यांचे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल शोधले आणि समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आले. मे १९९३ मध्ये त्यांतली एक वाहिनी फुटून हजारो टन तेल समुद्रात गेले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला केंद्रीय सचिवांच्या समितीने राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्याला मान्यता दिली आणि जुलै १९९६ मध्ये तो लागू झाला. समुद्रावर तेल सांडले, तर सूत्रे तटरक्षक दलाकडे. बंदराच्या हद्दीत बंदराने पाहायचे, तेलविहिरीच्या ५०० मीटरच्या आत तेल कंपनीने. ७०० टनांपर्यंत गळती असेल तर पहिली पायरी, दहा हजार टनांपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. किनाऱ्याला लागलेले तेल मात्र राज्याचे, म्हणजे व्यवहारात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आणि जिल्हा प्रशासनाचे.

आराखडा वाईट नाही. त्यात फोन कोणी कोणाला करायचा हे लिहिलेले आहे, आणि आपत्तीच्या पहिल्या दोन तासांत त्याहून मोलाचे दुसरे काही नसते. समुद्रावरच्या तवंगाला त्यामुळे धनी मिळाला. चित्राच्या वेळी नुकसानभरपाईचा मार्ग मात्र धड नव्हता. टँकर नसलेल्या जहाजाच्या इंधनगळतीची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सामील व्हायला भारताला २०१५ उजाडले. दरम्यान ऑगस्ट २०११ मध्ये 'रॅक कॅरिअर' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले. पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादाने कतारच्या जहाज कंपनीला १०० कोटी आणि कोळशाच्या मालक अदानी एंटरप्रायझेसला पाच कोटी रुपये भरायला सांगितले. पाच वर्षे लागली, पण समुद्रावर निदान नाव-गाव सापडते. जहाजाला नाव असते, ध्वज असतो, विमा असतो.

खाडी मात्र आराखड्याची हद्द पाळत नाही. मुंबईच्या बंदरातून ठाण्याची खाडी उत्तरेला जाते, कळव्यापाशी तिचा एक चिंचोळा फाटा उल्हास नदीला मिळतो. उल्हास तिथून भिवंडीच्या अंगाने पश्चिमेला वळून वसईच्या खाडीतून समुद्रात उतरते. कल्याण-भिवंडीच्या याच पाण्यात शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली. १६५७ मध्ये ही दोन्ही ठिकाणे हाती आल्यावर इथे जहाजबांधणीला हात घातला गेला. पुढे भिवंडीचे बंदर गाळात गेले, शहर मागांवर जगू लागले आणि शेवटी गोदामांवर. उत्तरेकडच्या गावांमधून येणारी कामवारी नदी शेलारजवळून, नदीनाक्याच्या पुलाखालून याच खाडीत उतरते.

शेलारची कामवारी तेलासाठी नाही, रंगासाठी प्रसिद्ध आहे. परिसरातल्या डाइंगचे पाणी नदीत येते हे भिवंडीत कोणाला सांगायला नको. कोणत्या दिवशी कोणता रंग चालू आहे, हे पुलावरून जाणाऱ्यालाही कळावे. त्यावर नोटिसा निघतात, नळ तोडले जातात, पुन्हा जोडले जातात. या रंगाच्या बडबडीत तेलाकडे लक्ष जात नाही. मागांना वंगण लागते, लाखो माग असलेल्या शहरात ते किती लागत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. गॅरेजचे जळके ऑइल, जनरेटरचे डिझेल, बॉयलरचे फर्नेस ऑइल, गोदामांतले रसायनांचे ड्रम, आणि वाडा रस्त्यावरून दिवसरात्र धावणारे टँकर. सगळ्यांची वाट शेवटी एखाद्या नाल्यातून कामवारीत. इथे एकदम ८०० टन सांडायची शक्यता नाही. इथे एक टँकर, म्हणजे दहा-वीस हजार लिटर, रात्री दोन वाजता पुलाच्या कठड्याला धडकून उलटू शकतो.

तेव्हा धनी कोण? कायदा विचाराल तर उत्तर आहे आणि ते महाराष्ट्राला लाजिरवाणे नाही. जलप्रदूषणाचा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी आपण एक. १९६९ चा कायदा, ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालेले मंडळ. केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर चार वर्षांनी आला. त्या अधिनियमाच्या ३१व्या कलमानुसार कारखान्यातून अपघाताने काही प्रवाहात गेले, तर कारखानदाराने मंडळाला ताबडतोब कळवायचे असते. ३२व्या कलमानुसार मंडळ प्रवाहातला तो पदार्थ स्वतः काढू शकते. 'काढू शकते' इथेच पेच आहे. काढायला बूम लागतो, पाण्यावरचे तेल उचलून घेणारा स्किमर लागतो, प्रवाहात उतरायची सवय असलेली माणसे लागतात. मंडळाचा अधिकारी बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे जातो. अग्निशमन दल फोम मारते, कारण त्यांची चिंता आग, आणि ती रास्त आहे. पोलीस रस्ता मोकळा करतात, क्रेन टँकर उचलते. रस्त्यावरचे तेल धुऊन काढायला पाण्याचा फवारा सोडला जातो आणि ते धुतलेले तेल कुठे जाते, हे पुलाखाली उभे राहून पाहिले की दिसते. समुद्रावर जो आराखडा आहे, तो वसईच्या खाडीच्या तोंडाशी या तेलाची वाट बघत बसलेला असतो.

नदीवर तेल सांडले, की वेळेचा हिशेब समुद्राहून वेगळा होतो. समुद्रावर तवंग पसरतो, वाऱ्याने इकडेतिकडे फिरतो. नदीवर तो एकाच दिशेला जातो आणि वाटेत कोणाच्या तरी पाण्याच्या पंपापाशी पोहोचतो. याचा सगळ्यात कटू धडा अमेरिकेला २ जानेवारी १९८८ च्या संध्याकाळी मिळाला. पिट्सबर्गच्या वरच्या अंगाला फ्लोरेफ गावी अॅशलंड ऑइल कंपनीची डिझेलची प्रचंड टाकी फुटली. टाकी चाळीस वर्षे जुनी, दुसरीकडून उचलून आणून पुन्हा जोडलेली, आणि पाण्याने भरून तिची पुरी चाचणी न घेताच वापरात आणलेली. लोंढा भोवतालच्या मातीच्या बांधावरून उसळून पलीकडे गेला आणि तिथल्या पावसाळी गटाराच्या तोंडातून मोनोंगहेला नदीत. सुमारे दहा लाख गॅलन डिझेल. अंधार, बर्फ, आणि खाली शहराच्या पाणीयोजना. तीन राज्यांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या नळाचा प्रश्न आला.

तिथे बूम टाकणाऱ्यांच्या दोन गोष्टी अनुभवाला आल्या. प्रवाहाला आडवा, काटकोनात बूम टाकला आणि पाणी सेकंदाला साधारण फूटभराहून वेगाने आले, की तेल बूमच्या झालरीखालून सटकते. म्हणून बूम तिरका टाकायचा, जितका प्रवाह जोरदार तितका जास्त तिरका, आणि तेलाला काठाच्या अशा खोलगट जागी ढकलायचे जिथे पाणी संथ आहे. अडवायचे ते तिथे, उचलायचेही तिथे. दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. मोनोंगहेलावर जहाजांसाठी बांधलेले बंधारे आहेत. त्यांच्यावरून उडी घेताना डिझेल पाण्यात खोलवर घुसळले गेले आणि वर तरंगायचे थांबले. पाण्याच्या पोटात गेलेल्या तेलाला बूमचा काय धाक? आपल्याकडे नदीवर बंधारा दिसला की तिथे तेल अडेल असे वाटते. घडते ते उलट.

शेवटी नदीतून पाचव्या हिश्श्याच्या आसपासच तेल परत मिळाले. ही सगळी यंत्रसामग्री, हेलिकॉप्टर, तटरक्षक, पर्यावरण संस्था आणि कंपनीच्या खिशातले पैसे धरून. वर्षभराने 'एक्झॉन वाल्डेझ' अलास्कात फुटले आणि १९९० मध्ये अमेरिकेने तेलप्रदूषणाचा कडक कायदा केला. त्या कायद्याचे श्रेय सगळे अलास्काला जाते. फ्लोरेफच्या टाकीला थोडे तरी द्यायला हवे.

हा पाचवा हिस्सा लक्षात ठेवून ९ डिसेंबर २०१४ च्या पहाटेकडे जाऊ. बांगलादेशातल्या सुंदरबनात शेला नावाची नदी आहे. धुक्यात नांगरून उभ्या असलेल्या 'सदर्न स्टार-७' या टँकरला एका मालवाहू बोटीने धडक दिली. टँकरमध्ये वीजकेंद्राकडे निघालेले साडेतीन लाख लिटरांहून जास्त फर्नेस ऑइल होते. नदीचा तो पट्टा डॉल्फिनचे अभयारण्य, दोन्ही काठांना तिवरांचे जगातले सगळ्यात मोठे जंगल. सरकारकडे ना बूम होता ना स्किमर. चितगावहून रसायन फवारणारी बोट निघाली. तेव्हा वनखात्याच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपामुळे ती फवारणी थांबवली गेली.

ते थांबवणे शहाणपणाचे होते. विखुरण रसायन तेल नाहीसे करत नाही, ते तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात खाली उतरवते. खोल समुद्रात हे थेंब पातळ होऊन जातात. उथळ नदीत ते माशांच्या कल्ल्यांत आणि कालवांत जातात. १९६७ मध्ये 'टॉरी कॅनियन' टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला फुटला, तेव्हा हजारो टन डिटर्जंट ओतले गेले आणि तेलापेक्षा त्या डिटर्जंटनेच किनाऱ्यावरचे जीव जास्त मेले. त्यानंतरची रसायने सौम्य झाली, तरी उथळ पाण्याचा नियम बदलला नाही.

मग काय केले? राज्याच्या मालकीच्या पद्मा ऑइल कंपनीने दवंडी पिटली, की गोळा केलेले तेल लिटरला ३० टका भावाने विकत घेऊ. आसपासच्या गावांतले लोक होड्या घेऊन उतरले. बायका, पोरे, म्हातारे. पातेली, तवे, बादल्या, स्पंजचे तुकडे, मच्छरदाण्या. काठाला तेलाने माखलेल्या जलपर्णीचे आणि फांद्यांचे ढीग. ते ढीग पातेल्यात उकळून वर आलेले तेल काढायचे. कोपरापर्यंत काळे हात, तोंडाला एखादे फडके. काही दिवसांत त्यांनी जवळजवळ ६८,००० लिटर तेल गोळा केले.

भागाकार करून पाहा. साडेतीन लाखांतले ६८ हजार म्हणजे पुन्हा पाचवा हिस्साच. फर्नेस ऑइल जड आणि चिकट, डिझेल पातळ आणि उडून जाणारे, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही हे खरे. तरीही पिट्सबर्गची यंत्रे आणि शेलाकाठची पातेली एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात, यातून एवढे निघते की नदीतून तेल परत मिळवण्याची कमाल मर्यादा ठेंगणी आहे, आणि तिथपर्यंत पोहोचायला हाताला काम आणि कामाला भाव असला तरी चालते. फरक पडतो तो त्या हातांना. कच्च्या तेलधुरात, हातमोज्यांशिवाय उभ्या असलेल्या पोरांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणत्या भावात धरला गेला? डिसेंबरअखेर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने जंगलाचे नुकसान भीती होती तेवढे नसल्याचे सांगितले, भरती-ओहोटीने बरेच धुऊन नेले होते. पण लोकांना उघड्या हातांनी तेलात उतरवणे त्यांनाही खटकले.

याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर २०१४ संपता संपता, आपल्याकडे उल्हासनगरला वडोल गावाजवळ एका टँकरने वालधुनी नाल्यात रसायन ओतले. त्याचा वायू झाला आणि शेकडो माणसांना पहाटे रुग्णालयात न्यावे लागले. वालधुनी पुढे उल्हासलाच मिळते. तिथे अपघात झाला नव्हता, रात्री नाल्यात टँकर रिकामा करण्याचा नित्याचा धंदा होता. मग शेलाची बातमी आली. दोन्ही एकाच प्रश्नाच्या बातम्या आहेत हे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत भारतातल्या नद्यांनी उदाहरणे पुरवली. फेब्रुवारी २०२० मध्ये आसामात दिब्रुगड जिल्ह्यात बुऱ्ही दिहिंग नदी पेटली, नदीखालून जाणाऱ्या वाहिनीतून गळलेल्या कच्च्या तेलाला आग लागली होती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात चेन्नईजवळच्या मणलीच्या रिफायनरीच्या बाजूचे तेल बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत उतरले. घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची काळी रेघ उठली. होड्या, जाळी, कोळंबी, सगळे गेले. हे तेल जहाजातून आले नव्हते. जमिनीवरून, पुरासोबत, कालव्यातून आले होते, म्हणून पहिले काही दिवस ते कोणाचे यावरच गेले. लवादाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कामाला वेग आला. आणि कामाला वेग आला म्हणजे काय झाले, तर मच्छीमारांना रोजावर लावून त्यांच्या हातात मग आणि बादल्या देण्यात आल्या. चित्रानंतर तेरा वर्षांनी, शेलानंतर नऊ.

महाराष्ट्राने या काळात नदीच्या बाबतीत एक पाऊल मागे टाकले, तेही नोंदवायला हवे. २००० सालच्या नदी नियमन क्षेत्र धोरणाने नदीकाठी कोणता कारखाना किती अंतरावर असावा याची बंधने घातली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते धोरणच रद्द केले. तिवरांच्या बाजूने मात्र २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला आणि त्याचे काम दिसते. किनाऱ्यावरच्या झाडाला कक्ष आणि नदीकाठच्या कारखान्याला बंधनमुक्ती, असा हा व्यवहार.

तर शेलारचा पूल, रात्रीचे दोन, उलटलेला टँकर. कामवारी उन्हाळ्यात इतकी बारीक असते, की ते तेल नदीत पोहोचूच न देणे शक्य आहे. समुद्रावर ही सोय नसते. पहिला अर्धा तास नाल्याच्या तोंडाचा. मातीची पोती टाकून नाला अडवायचा, आणि बांधाच्या पोटातून तिरके पाइप असे घालायचे की त्यांचे प्रवाहाच्या वरच्या अंगाचे तोंड पाण्याखाली राहील. पाणी पाइपातून पुढे जाते, तेल बांधाच्या आत वर तरंगत राहते. भाताच्या पट्ट्यात पेंढ्याला तोटा नाही, आणि पेंढा तेल बरे शोषतो. भिवंडीत त्याहून चांगली वस्तू पोत्यांनी पडलेली असते, मागांवरची सुताची चिंदी, गॅरेजवाले जिला नुसते 'वेस्ट' म्हणतात. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे तो पाणी सोडून तेल पकडतो. सायझिंग होऊन खळ लागलेल्या किंवा धुऊन पांढऱ्या केलेल्या सुताला हा गुण राहत नाही, ते आधी पाणी पिते. कोणती चिंदी कोणत्या कामाची हे शेलारमधल्या कोणत्याही मागवाल्याला हात लावून सांगता येईल, मंडळाच्या अधिकाऱ्याला ते माहीत असायचे कारण नाही. जुलैमध्ये कामवारीला पूर असताना यातले काहीच चालत नाही. तेव्हा फक्त खालच्या गावांना कळवायचे आणि पाणी उपसणारे पंप बंद ठेवायचे.

चिंदी तेलाने भिजली, बाहेर काढली, मग पुढचा प्रश्न येतो, आणि नदीवरच्या कामात बहुतेक फसवणूक इथेच होते. हा घातक कचरा आहे, त्याची रीतसर वाट तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे जाते, तेही वाहतुकीच्या पावतीसह. पण भिवंडीत सायझिंगचे बॉयलर आहेत आणि त्यांत लाकडापासून चिंध्या-प्लास्टिकपर्यंत काय काय जाते हे शहर रोज नाकाने जाणते. तेलाने भिजलेली चिंदी म्हणजे तिथे सोनेच. पुलाखाली ढीग करून सकाळी ट्रक पाठवतो म्हटले, तर ट्रक यायच्या आत ढीग उचललेला असेल आणि नदीतून वाचवलेले तेल नऊच्या पाळीला धुराड्यातून बाहेर पडत असेल. म्हणून पहिल्या रात्री पोती, पेंढा आणि पाइप यांच्याबरोबर त्या ढिगावर बसायला दोन माणसे लागतात, आणि त्यांचा रोज कोण देणार हेही त्याच रात्री ठरलेले असावे लागते.